कोण, हे सगळ्यात शेवटी

एकाच साच्यातून एकाच दिवशी निघालेली तीस झाकणं टेबलावर मांडलेली असताना "ह्यातलं थोरलं कंचं?" असं विचारणारा माणूस मला आयुष्यात एकदाच भेटला. त्यांना जाऊन आता दोन महिने होत आले. हजेरीपटावर त्यांचं नाव सोपान होतं, पण कारखान्यात शिपायापासून शेठपर्यंत सगळे त्यांना आबा म्हणत.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या अंगणात मांडव घातला होता. पुष्कळ जण बोलले. विहाराचं छप्पर आबांनी स्वतः वर चढून कसं बसवलं, दहावीनंतर मुलींची शाळा सुटू नये म्हणून ते घरोघर कसे फिरले, हे मला त्या दिवशीच कळलं. कुणीतरी माझ्याकडेही बघितलं. मला चारचौघांत उभं राहून बोलता येत नाही. बसून, सावकाश, लिहिता येतं. मला ठाऊक असलेले आबा फक्त पत्र्याच्या कामातले. तेवढेच लिहिते.

आमचा कारखाना कामशेत आणि वडगावच्या मधे, जुन्या हायवेला लागून आहे. पाण्याच्या मोटारीवर बसणारी चौकोनी, गोलसर कोपऱ्यांची झाकणं आम्ही करतो. सपाट पत्र्याच्या तुकड्याला तेल लावायचं, तो प्रेसखाली ठेवायचा, एक चौकट त्याच्या कडा दाबून धरते आणि वरून ठोकळा येऊन पत्र्याला खालच्या खड्ड्यात ढकलतो. ऐकायला सोपं आहे. पण कडा जास्त दाबून धरल्या तर पत्रा कोपऱ्यात फाटतो आणि कमी धरल्या तर सुरकुततो. त्या दोन्हींच्या मधली जागा फार चिंचोळी असते. साचा प्रेसवर चढवून ती जागा शोधून देणारा जो माणूस असतो त्याला सेटर म्हणतात. आबा आमचे सेटर होते.

मी पुण्याहून शिकून नुकतीच तिथे लागले होते. लोणावळ्याहून रोज लोकलने कामशेतला यायची, पिशवीत डबा आणि एक पुस्तक. पहिल्याच आठवड्यात मी पिंपातून तीस झाकणं उचलून आणली आणि त्यांची उंची मोजून आलेख काढायला बसले. आबा चहाचा ग्लास घेऊन मागे येऊन उभे राहिले. उंच, वाळके, खाकी शर्टाच्या खिशात चष्म्याची डबी, डोळ्यांवर मात्र चष्मा नाही.

"ह्यातलं थोरलं कंचं?"

"सगळी एकाच मापाची आहेत, आबा. म्हणजे असायला हवीत."

"माप न्हाई इचारलं. आधी कोन जल्मलं?"

मला सांगता येईना. पिंपात सगळी एकावर एक पडलेली होती.

"मंग नुसती डोकी मोजली तुमी," ते म्हणाले. "कोन कुटून आलं त्ये ऱ्हायलंच की."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्यांची पंगत दाखवली. प्रेसशेजारची फरशी त्यांनी आधी स्वतः झाडून घेतली. मग दर अर्ध्या तासाला लागोपाठची तीन झाकणं उचलून, खडूने नंबर घालून, जन्माच्या क्रमाने रांगेत मांडत गेले. संध्याकाळपर्यंत रांग दारापर्यंत पोचली. शेठ फोनवर बोलत मधूनच निघाले तेव्हा आबा ओरडले, "शेठ, पंगत बसलीया, वलांडू नका!" आणि शेठ खरोखरच भिंतीच्या कडेकडेने गेले.

आबांचं म्हणणं असं होतं की फरक तीनच ठिकाणी राहतो. एकाच झाकणात, म्हणजे या कोपऱ्याला आहे आणि त्या कोपऱ्याला नाही. किंवा शेजाऱ्या-शेजाऱ्यांत, म्हणजे लागोपाठच्या दोन झाकणांत. नाहीतर वेळेवेळेत, सकाळच्यात आणि दुपारच्यात. "आधी गाव हुडकायचं, मंग घर. तुमी डायरेक दार वाजवताय." पुढे कधीतरी माझ्या एका जाड पुस्तकात अगदी हेच, आकृत्यांसह, मोठ्या नावाने दिलेलं सापडलं. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना त्यातली दोन पानं मराठी करून वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"बरं लिवलंय," ते म्हणाले. "पर ह्यात केरसुनी न्हाई."

चूक हा शब्द ते वापरत नसत. फरक म्हणत. झाकण फाटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न असायचा, मशीनवर कोण होतं? त्या प्रश्नाला आबा चिडायचे. "कोन हे सगळ्यात शेवटी. आधी कुटं, मंग कवा, मंग कशानं. तितवर गेलात तर कोनापतूर जायाची पाळीच येत न्हाई." एका थंडीत सकाळच्या झाकणांना बारीक ओरखडे यायचे आणि दुपारी ते आपोआप जायचे. सकाळपाळीच्या माणसांनी बोलणी खाऊन घेतली. आबांनी पंगत मांडली, दोन दिवस नुसते हिंडले आणि मग तेलाचं पिंप दारातून हलवून कॉम्प्रेसरच्या उबेला नेऊन ठेवलं. ओरखडे थांबले. शेठनी विचारलं, काय झालं होतं? "काय न्हाई. तेलाला थंडी वाजत हुती. गारठलं की दाट हुतंय, पसरत न्हाई."

घरीही ते असेच असणार असं मला वाटायचं, आणि ते खरं निघालं. त्यांचं घर कामशेतहून पवनेच्या बाजूला जाताना चार-पाच किलोमीटरवर. एकदा त्यांनी मला जेवायला नेलं. काकूंनी नव्या इंद्रायणी तांदळाच्या पिठाच्या भाकरी केल्या होत्या. मी पाटावर बसले तर काकू म्हणाल्या, "बसा मॅडम. आमच्याकडं भाकरी खात न्हाईत, तपासत्यात."

"मी एकदाच बोललो हुतो," आबा म्हणाले.

"एकदा? ह्यांनी सात भाकरी परातीत वळीनं मांडल्या आन मला म्हनत्यात, पैल्या तीन चांगल्या, चवथीपास्नं कडंला चिरा. मी म्हनलं, माज्या हातात खोट हाय व्हय?"

"मी हात म्हनलोच न्हाई. पानी म्हनलो. उकळीचं पानी निवत जातंय, चवथ्या भाकरीला कोमट हुतंय."

"तीस वर्सं खाल्ल्यावर पानी निवतंय हे कळलं!" काकूंनी माझ्या ताटात भाकरी टाकली. मी नकळत तिची कड बघितली. चीर नव्हती. चुलीवर पाण्याचं पातेलं रटरटत होतं.

आता त्या चष्म्याच्या डबीबद्दल. तिच्यात शिम असायच्या. शिम म्हणजे कागदाहून पातळ पितळी पट्टी. साचा प्रेसवर चढवला की चौकटीचे चारही कोपरे सारखे दाबले जावेत म्हणून कुठे पन्नास मायक्रॉनची, कुठे शंभराची, कुठे दीडशेची पट्टी सरकवावी लागते. हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर, तेव्हा या पट्ट्यांमधला फरक डोळ्यांना दिसतच नाही. आबा पट्टी चिमटीत धरून अंगठा एकदा फिरवायचे आणि म्हणायचे, "शंभर." मी जाडी मोजायचा मायक्रोमीटर आणून दोन आठवडे पडताळून पाहिलं. ते एकदाही चुकले नाहीत. मग मी पडताळणं सोडलं.

हे शेवटचं वाक्य लिहायला मला वेळ लागला.

मंगल आली ती त्यानंतर पाच-सहा वर्षांनी. कुसगावची. आधी तिथल्याच एका हॉटेलात खोल्या आवरायची. ते काम गिऱ्हाइकांच्या हंगामापुरतं, म्हणून सोडून ती आमच्याकडे कंत्राटी लागली आणि झाकणांच्या प्रेसवर तेल लावून पत्रा ठेवू लागली. दोन मुली शाळेत, नवरा घरात असून नसल्यासारखा. ती लागून तीन आठवडे झाले आणि गिऱ्हाइकाकडून झाकणं परत आली. कोपऱ्यात केसाएवढी चीर. तेलाखाली दिसत नाही, रंग दिल्यावर उठते.

शेठना अहवाल हवा होता. मी संगणकासमोर बसले. चिरा तीन आठवड्यांपासून, मंगल तीन आठवड्यांपासून. तेल कमी पडलं तरी पत्रा फाटतो. मी लिहिलं, नवीन ऑपरेटर तेल अपुरं लावते, बदलावी. खाली सही केली. शनिवारनंतर येऊ नको असं तिला गुरुवारी सांगण्यात आलं.

ती सरळ माझ्या टेबलापाशी आली. "मॅडम, हाटेलात चादरीवर एक सुरकुती ऱ्हायली तरी बोलनी खायाची. मी हात आखडत न्हाई. तेल कमी न्हाई लावलं."

"नोंदी तसं सांगतात, मंगल."

"हितं बसून तुमाला माजा हात दिसला व्हय?"

ती गेली नाही. "जुन्या जागेवर दुसरी बाई लागलीया," एवढं म्हणाली आणि मग गेली.

थोड्या वेळाने आबा आले. हातात चहाचा ग्लास, बिनसाखरेचा. बाकीचे लोक गरम ग्लास काठाला दोन बोटांनी धरत, आबा आख्ख्या तळहातात धरून उभे होते. त्या वर्षभरात ते मी कितीदा तरी पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, केवढे राकट हात.

"कोन त्ये लिवलं तुमी?"

"हो."

"कुटं त्ये?"

"कोपऱ्यात."

"कंच्या?"

मला माहीत नव्हतं.

"कवा?"

"तीन आठवडे."

"तीन आठवडे म्हंजी कवा न्हाई. शनवारपतूर पोरीला कुनी कायबी म्हनू नका."

आमच्याकडे तोच प्रेस बाकीच्याही कामांना लागायचा, त्यामुळे झाकणांचा साचा उतरायचा आणि पुन्हा चढायचा. दर वेळी पहिली तीन आणि शेवटची तीन झाकणं दाराकडच्या कडेला भोक पाडून, म्हणजे कोणता कोपरा कुठला ते पुढे कळावं, तारेत ओवून टेबलाखाली ठेवायची आबांची सवय होती. त्या तीन आठवड्यांत साचा पाचदा चढला होता. शुक्रवारी दुपारी त्यांनी फरशी झाडली, पाच रांगा मांडल्या, प्रत्येक झाकण फडक्याने कोरडं पुसलं आणि मंगलला हाक मारली. मग मला म्हणाले, "तुमी बगा. मी बोलत न्हाई."

मी गुडघ्यांवर बसून दिव्याच्या उजेडात एकेक झाकण बघत गेले. पहिली रांग चांगली. दुसऱ्या रांगेतल्या सहाही झाकणांना चीर, सगळ्यांना खिडकीकडच्या कोपऱ्यात. तिसरी चांगली, चौथी चांगली. पाचव्या रांगेत पुन्हा सहाही फाटलेली, पण दाराकडच्या कोपऱ्यात.

"बाई कितींदा हुती?" आबांनी विचारलं. न बोलण्याचं त्यांना तेवढंच जमलं.

"पाचही वेळा."

"चिरा?"

"दोनदा."

"तेल कमी पडलं असतं तर चीर एकाच कोपऱ्याला धरून बसली असती? हिंडली असती. कदी हितं, कदी तितं."

मंगलने पदराने तोंड पुसलं. मी वही काढली. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी पत्रा एकाच गुंडाळीतला होता, तरी एकदा फाटला आणि एकदा नाही. तेल पाचही वेळा एकाच पिंपातलं. एका वेळची सहाही झाकणं सारखी, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. "म्हणजे आबा," मी उत्साहाने म्हणाले, "साचा उतरवून पुन्हा चढवला की फरक येतोय! चढवतानाच..."

आणि मी थांबले. साचा कोण चढवतं हे तिथे तिघांनाही माहीत होतं.

आबा रांगांकडे बघत होते. ही झाकणं दर वेळी त्यांनीच कोपऱ्यांवरून बोट फिरवून चांगली म्हणून ओवली होती. केसाएवढी चीर पूर्वी त्यांच्या बोटाला तेलातूनही लागायची. त्यांनी ग्लास खाली ठेवला, खिशातून चष्म्याची डबी काढली आणि म्हणाले, "मॅडम, मायक्रोमीटर आना."

ते स्टुलावर बसले, डोळे मिटले. मंगलने डबीतून एकेक पट्टी त्यांच्या चिमटीत द्यायची, त्यांनी आकडा सांगायचा, मी मोजायचं.

"शंभर."

शंभर होती.

"पन्नास."

पन्नास.

"शंभर."

मी आकडा बघितला. मायक्रोमीटर उघडून पुन्हा लावला, पुन्हा बघितला.

"बोला की."

"दीडशे आहे, आबा."

"फुडं."

दहांतल्या चार चुकल्या. शेवटची झाल्यावरही त्यांनी डोळे उघडले नाहीत. अंगठा तर्जनीवर घासत राहिले, जणू चिमटीत अजून एखादी पट्टी असावी.

"दिसभर तेलात हात असत्यात आबा," मंगल म्हणाली, "घसरतंय."

"गप. आत्ता सुटलीस न्हवं? लगीच माजी वकिली नको." मग माझ्याकडे वळून, "कागद घ्या. आता कोन लिवा."

मला लिहवेना. "शिम मोजून लावल्या नाहीत, एवढंच लिहू या," मी म्हणाले.

"तसं नगं. लिवा, फरक सेटरच्या बोटात. सही मी करतो." त्यांनी पेन हातात घेतलं. "आन मोजून बगायचं काम तुमचं बी हुतं. त्ये बी लिवा."

मी दोन्ही वाक्यं लिहिली. दोन्हींखाली दोघांच्या सह्या झाल्या. आधीचा अहवाल मी शेठसमोरच फाडला आणि नवा वाचून दाखवला. शेठ म्हणाले, "आबांनी दुसऱ्या कुणाचं नाव सांगितलं असतं तरी मी मानलं असतं." मंगल सोमवारी कामावर आली.

वडगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, साखरेने बोटांच्या नसा गेल्या आहेत, परत यायच्या नाहीत. शेठनी थांबायचा आग्रह केला, मायक्रोमीटर वापरा म्हणाले. आबा सहा महिने थांबले, तेही सेटरचं काम दुसऱ्याच्या हातात देण्यापुरते. त्यांनी निवडलं मंगलला. पहिल्या दिवशी प्रेसच्या खांबाला एक मायक्रोमीटर दोरीने बांधला आणि म्हणाले, "तुजी बोटं माज्याहून चांगली हायती. म्हनूनच हा बांदलाय." मंगलचं नाव ऐकून शेठ आधी हसले होते. आज मंगलच आमची सेटर आहे. दोरी तेवढी दोनदा बदलली.

मी आबांना शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात. रविवारी मंगल आणि मी त्यांच्याकडे गेलो. भाताची कापणी होऊन गेली होती, अंगणात पेंढा रचलेला. काकू म्हणाल्या, "या. तपासनीस ओट्यावर बसल्यात."

आबा आणखी वाळले होते, पण दाढी अगदी गुळगुळीत केलेली. मंगलने पिशवीतून पाच झाकणं काढली. हा त्यांचा दर रविवारचा खेळ होता म्हणे. आठवड्यात पत्रा कापायच्या साच्याची धार बोथट होत जाते आणि तुकड्याच्या कडेला खरखर वाढत जाते. झाकण झाल्यावरही ती कडेला उरते. डोळ्यांना कळणार नाही इतकी. सोमवार ते शुक्रवार, रोजचं एक झाकण. मंगल आतून खडूने नंबर घालून आणायची, ती पालथी घालून मिसळायची आणि आबांनी ती क्रमाने लावायची.

"पण बोटं?" मी विचारलं.

त्यांनी एक झाकण उचललं, डोळे मिटले आणि त्याची कड अलगद गालावरून ओढली. "बोटं गेली. गाल हाय अजून," ते म्हणाले. "म्हनून रोज दाढी करतो आता. खुंट वाढलं की कळत न्हाई."

एकेक झाकण ते गालाला लावत गेले. दोन झाकणांपाशी अडले, ती आळीपाळीने तीनदा लावून पाहिली. मग ओट्यावर पाच झाकणांची पंगत मांडली.

"बराबर हाय का?"

मंगलने वाकून नंबर बघितले. "बराबर, आबा."

"उलटी करून दाव."

"बराबर हाय म्हनलं की."

आबांनी हात लांबवून स्वतःच एकेक उलटं केलं. एक, दोन, चार, तीन, पाच. मंगल माझ्याकडे बघायला लागली. आबा मात्र त्या मधल्या दोन झाकणांकडे वाकून बघत होते, एखादं नवीनच काही दिसावं तसे. त्यांनी दोघांची जागा बदलली.

"बुधवारच्याला आन गुरवारच्याला वळखत न्हाई मी," ते म्हणाले. "फुडल्या येळी ही दोनच घेऊन ये. धा-धा आन."

निघताना आम्ही रस्त्यापर्यंत आलो आणि मी वळून पाहिलं. काकू दारात उभ्या राहून काहीतरी बोलत होत्या, बहुतेक जेवणाचं. आबांचं लक्ष नव्हतं. त्यांनी पाचही झाकणं पुन्हा पालथी घालून मिसळली होती आणि डोळे मिटून पहिलं गालाला लावलं होतं.